मनगट दुखतंय म्हणून कीबोर्ड घेताना

अर्गोनॉमिक, म्हणजे शरीराला कमी ताण देणारा, या एका नावाखाली बाजारात फार वेगवेगळे कीबोर्ड विकले जातात. कोणी मधोमध दुभंगलेला, कोणी तंबूसारखा उभारलेला, कोणी वाडग्यासारखा खोलगट, तर कोणी जेमतेम ४२ बटणांचा. प्रत्येक प्रकार हाताच्या एका ठरावीक त्रासासाठी घडवलेला आहे. भलत्याच त्रासावर तो वापरला तर जुनं दुखणं राहतंच, वर नवं सुरू होतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी शोधून काढायच्या: नेमकं कुठे दुखतंय, आणि टाइप करताना तो भाग कसा वाकतोय.

त्याआधी डॉक्टर कधी?

रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, कप हातातून निसटत असेल, शर्टाचं बटण लावताना बोटं साथ देत नसतील, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल, तर कीबोर्डचा शोध थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मनगटात कार्पल टनेल नावाचा एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटवणारे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि मीडियन नावाची नस एवढं सगळं त्यातून जातं. तिथे सूज आली की पहिला दाब नसेवर पडतो. नस किती दबली आहे हे नर्व्ह कंडक्शन चाचणीत कळतं. दाब फार काळ राहिला तर अंगठ्याचा स्नायू वाळतो, आणि वाळलेला स्नायू पूर्ववत होईलच असं नाही. इथे उशीर करू नका.

दुखण्याची जागा शोधा

तीन दिवस कागदावर नोंद ठेवा: किती वाजता, कोणता हात, कुठली जागा, ० ते १० मध्ये किती. शिवाय टाइप करताना कोणाला तरी मोबाइलवर दोन फोटो काढायला सांगा, एक वरून आणि एक बाजूने. आपलं मनगट सरळ आहे असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि फोटो वेगळंच दाखवतो.

वरून काढलेल्या फोटोत कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी धरा. हात मनगटाशी करंगळीच्या बाजूला मोडलेला दिसला आणि दुखणंही करंगळीकडच्या बाजूला असेल, तर कारण कीबोर्डच्या अरुंदपणात आहे. खांदे रुंद, अक्षरांचा भाग जेमतेम २८ सेंटिमीटरचा. दोन्ही हात आत ओढून घ्यावे लागतात आणि मग बोटं सरळ ठेवायला मनगट बाहेर वळतं. यावर दुभंगलेला कीबोर्ड खरोखर उपयोगी पडतो.

बाजूच्या फोटोत हाताचा पंजा मनगटापासून वर उचललेला दिसला आणि कोपराखाली, हाताच्या वरच्या बाजूला ठणका असेल, तर दोष उंचीत आणि उतारात आहे. हा त्रास पुष्कळदा फुकटात सुटतो. कसा ते पुढे सांगितलं आहे.

फक्त करंगळी दमत असेल तर शिफ्ट, कंट्रोल, एंटर आणि बॅकस्पेस ही बटणं बघा. सगळी करंगळीच्या वाट्याची. इथे बटणांच्या जागा बदलता येणारा कीबोर्ड हवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर मात्र सावध राहा. हा द क्वेर्व्हँचा आजार, म्हणजे अंगठ्याच्या टेंडनांच्या वेष्टनाची सूज, असू शकतो, आणि अंगठ्याला सहा-सहा बटणं देणारे कीबोर्ड तो वाढवतात. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर नस बहुधा कोपराशी दबते आहे. खुर्चीच्या टणक हातावर किंवा टेबलाच्या धारेवर कोपर टेकवणं आधी बंद करा. तिथे कीबोर्डचा फारसा संबंध नाही. फक्त उजवा खांदा आणि मान धरत असेल, तर नंबर पॅडमुळे माउस किती लांब गेलाय ते बघा.

फुकटचे उपाय आधी

आपल्याकडचं टेबल सर्रास अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंच असतं. पाच फूट दोन-तीन इंच उंचीचा माणूस पाय जमिनीवर टेकवून बसला की त्याचं कोपर साधारण ६२ ते ६५ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टेबल दहा ते तेरा सेंटिमीटर जास्तच उंच. मग खांदे वर चढतात किंवा मनगटं मागे मोडतात. यावर खुर्ची वर घ्या आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट ठेवा. घरातला जेवायचा लाकडी पाट या कामाला उत्तम. एक पुरला नाही तर दोन एकमेकांवर ठेवा.

कीबोर्डच्या मागचे दोन पाय मिटवून टाका. ते उघडल्यावर मागची बाजू उचलली जाते आणि मनगट तेवढंच जास्त वर मोडतं. कंपासपेटीतला कोनमापक कीबोर्डच्या कडेला लावून बघा: पाय मिटूनही उतार जास्त वाटला तर पुढच्या कडेखाली, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला, एक सेंटिमीटर जाडीची पट्टी सरकवा. उतार सपाट किंवा किंचित उलटा झाला पाहिजे. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेले, कीबोर्ड मागच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटर उंच असतात, त्यामुळे तो घेतल्यावर खुर्चीची उंची पुन्हा बघावी लागते. हे विसरलं जातं आणि ‘नव्या कीबोर्डने जास्तच दुखायला लागलं’ अशी तक्रार सुरू होते.

लॅपटॉपवर तासन्तास काम करत असाल तर पहिली खरेदी अर्गोनॉमिक कीबोर्डची नकोच. लॅपटॉपचा पडदा आणि बटणं एकमेकांना जोडलेली. मान सरळ ठेवली तर हात वर, हात खाली ठेवले तर मान वाकडी. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा आणि खाली साधा वेगळा कीबोर्ड जोडा.

मनगटाखाली ठेवायच्या मऊ पट्टीबद्दल गैरसमज फार आहे. टाइप करताना मनगट त्यावर दाबून ठेवायचं नसतं; तसं केलं तर दाब नेमका त्या बोगद्यावर पडतो. थांबल्यावर तळहाताचा खालचा मांसल भाग तिथे टेकवायचा, बोटं चालू लागली की हात उचलायचे.

एवढं करून दोन आठवडे थांबा. पुष्कळांचं दुखणं इथेच निम्म्यावर येतं, आणि पुढची खरेदी लहान होते.

विकत घेण्याआधीची चाचणी

दुभंगलेला कीबोर्ड आपल्याला मानवेल का, हे दोन साध्या कीबोर्डांवर कळतं. दोन छोटे, नंबर पॅड नसलेले कीबोर्ड एकाच संगणकाला जोडा. डावा हात डाव्या कीबोर्डवर, उजवा उजव्यावर. कीबोर्ड छोटेच हवेत. पूर्ण आकाराचे ठेवले तर दोन हातांमधलं अंतर अर्ध्या मीटरवर जातं आणि चाचणी फसते. विंडोज आणि लिनक्सवर एका कीबोर्डचा शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागू होतो. मॅकवर तसं आपोआप होत नाही, त्यासाठी कॅराबिनर हे मोफत सॉफ्टवेअर घालावं लागतं.

दोन दिवस असं काम करा. हात खांद्यांच्या सरळ रेषेत आल्यावर करंगळीकडचा ताण कमी झाला, तर दुभंगलेला कीबोर्ड तुमच्यासाठी आहे. मग आतल्या कडांखाली वह्या सरकवून दोन्ही कीबोर्ड तंबूसारखे उभे करा. हात पालथा, म्हणजे तळवा पूर्ण जमिनीकडे ठेवला की कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर पिळली जातात. आतली कड उचलली की तो पीळ सुटतो. याला टेंटिंग म्हणतात. सुमारे १५ सेंटिमीटर रुंदीच्या तुकड्याची आतली कड १.३ सेंटिमीटर उचलली की ५ अंशांचा कोन होतो, २.६ सेंटिमीटरला १० अंश, ५ सेंटिमीटरला २० अंश; चाचणीतला अख्खा कीबोर्ड याच्या दुप्पट रुंद असेल तर उंचीही दुप्पट लागते. कुठल्या कोनात हात सैल पडतो ते लिहून ठेवा. खरेदी करताना हाच आकडा कामाला येतो.

एक गोष्ट मात्र या चाचणीत कळत नाही, कारण दोन्ही कीबोर्डांवर सगळी बटणं असतात. बीचं बटण डाव्या हाताचं, पण कित्येक जण ते उजव्या तर्जनीने दाबतात. वायचं उलटं: ते उजव्या हाताचं, पण काही जण डाव्या तर्जनीने दाबतात. ६ चं बटणही कुठल्या तरी एकाच तुकड्यावर असतं. खऱ्या दुभंगलेल्या कीबोर्डवर तुकडे वेगळे झाले की बोट रिकाम्या टेबलावर आपटतं. सवय आठवडाभरात मोडते, तेव्हा घाबरून कीबोर्ड परत करू नका.

प्रकार आणि कोणाला कोणता

एकसंध पण मधून वळवलेले कीबोर्ड ही सर्वांत सोपी पायरी. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये नॅचरल कीबोर्ड आणला, तेव्हापासून हा आकार लोकांच्या ओळखीचा आहे. आज लॉजिटेकचा अर्गो के८६० याच घराण्यातला. शिकायला वेळ लागत नाही, कार्यालयात कोणी वळून बघत नाही. मर्यादा अशी की रुंदी आणि कोन कारखान्यात ठरलेले; तुमच्या खांद्यांशी जुळले तर ठीक. के८६० ला नंबर पॅड चिकटलेला आहे, त्यामुळे उजव्या खांद्याच्या दुखण्यावर तो उपाय नव्हे. टॅलीवर दिवसभर आकडे भरणाऱ्यांनी नंबर पॅड सोडून द्यावा असं मात्र कोणी म्हणू नये. वेगळा यूएसबी नंबर पॅड घ्या आणि डावीकडे ठेवा, किंवा माउस लागत नाही तेव्हाच उजवीकडे ओढा.

दुखणाऱ्या बहुतेक लोकांना आम्ही दोन स्वतंत्र तुकड्यांचा, पण बटणांची रचना नेहमीचीच असलेला कीबोर्ड सुचवू. किनेसिस फ्रीस्टाइल २ हा त्याचा नमुना. त्याच्या दोन तुकड्यांमधली वायर ९ इंची किंवा २० इंची मिळते; खांदे रुंद असतील तर २० इंचीच घ्या. ५, १० आणि १५ अंशांचे टेंटिंगचे पाय वेगळे विकत घ्यावे लागतात, ते मागवायला विसरू नका. मेकॅनिकल हवा असेल तर कीक्रॉनचा क्यू११ आहे. तो भक्कम आणि जड आहे, पण टेंटिंगची सोय आपली आपण करावी लागते.

पुढचा प्रकार उभ्या रांगांचा. नेहमीच्या कीबोर्डवर प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली असते. १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखालचा दांडा दुसऱ्याला लागू नये म्हणून ते केलं होतं. आज खाली दांडे नाहीत, तिरकेपणा तेवढा राहिला. अर्गोडॉक्स, मूनलँडर, व्हॉयेजर या कीबोर्डांत बटणं बोटांच्या लांबीप्रमाणे सरळ उभ्या रांगांत बसवली आहेत, आणि एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट अंगठ्याकडे देता येतात. करंगळीच्या त्रासाला याहून चांगला उपाय नाही. पण हात लहान असेल तर अर्गोडॉक्स आणि मूनलँडरच्या अंगठ्याकडची शेवटची बटणं लांब पडतात. रोज लागणारी बटणं अंगठा न ताणता पोचतो त्या पहिल्या दोन जागीच ठेवा.

किनेसिस १९९२ पासून खोलगट कीबोर्ड बनवते आहे. त्यातली बटणं वाडग्यासारख्या खड्ड्यात असल्याने बोटं पुढे-मागे कमी ताणली जातात. आराम मोठा, पण खड्ड्याचा आकार ठरलेला आणि किंमतही चढी. असे कीबोर्ड भारतात मागवताना मूळ किमतीवर आयात शुल्क आणि कुरिअर धरा, आणि बिघडल्यास परत पाठवण्याचा खर्च कोणाचा हे आधी विचारा.

४२ बटणांच्या कॉर्नसारख्या कीबोर्डचं ऑनलाइन कौतुक फार वाचायला मिळतं. दुखणं ताजं असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. आकडे आणि चिन्हं दुसऱ्या थरात, म्हणजे एक बटण दाबून धरल्यावर मिळतात, आणि ते दाबून धरणंच सुरुवातीला बोटांना शिणवतं.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी खास

इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-रचनेत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ऐकायला समतोल वाटतं. पण ‘जायचंय’ हा शब्द टाइप करून बघा. ज पीच्या बटणावर, काना ईवर, य तिरक्या रेघेच्या बटणावर, च अर्धविरामाच्या, अनुस्वार एक्सवर, मग पुन्हा य. सहा ठोके, त्यातले चार उजव्या करंगळीचे. ‘चा, ची, चे, च्या’ प्रत्येक वाक्यात येतात आणि ट, डसुद्धा त्याच बोटाकडे. मराठीत दिवसभर मजकूर भरणाऱ्याची उजवी करंगळी आधी का बोलते, ते यातून कळतं.

म्हणून खरेदीआधी कीबोर्डच्या चित्रावर बोट ठेवून ही बटणं मोजा: अर्धविराम, अवतरणचिन्ह (ट, ठ), चौकोनी कंस (ड, ढ), तिरकी रेघ (य) आणि बरोबरचं चिन्ह (ऋकार). कॉर्नवर चौकोनी कंसाला मूळ थरात जागाच नाही, म्हणजे ‘वाडा’ लिहायला थर बदलावा लागतो. किनेसिसच्या खोलगट कीबोर्डवर कंस खालच्या ओळीत आहेत. तिथे ड चालतो, पण हाताला नव्याने शिकवावा लागतो.

बटणांच्या जागा बदलता येत असतील तर हाच तोटा फायद्यात बदलतो. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. तेव्हा मराठीसाठी एक वेगळा थर करा आणि त्यात तिरक्या रेघेचा क्रमांक तर्जनीजवळच्या किंवा अंगठ्याच्या बटणाला द्या. विंडोज तिथे य उमटवेल. अडचण एकच: विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलली तरी कीबोर्डला ते कळत नाही. म्हणून भाषा बदलणं आणि थर बदलणं ही दोन्ही कामं करणारा एकच मॅक्रो बांधा, नाहीतर इंग्रजीत बोट भलत्या चिन्हावर पडत राहील.

आणखी एक खाचखळगा. काही जण मधल्या ओळीतल्या अक्षरांनाच दाबून धरल्यावर कंट्रोल, शिफ्टचं काम देतात. इनस्क्रिप्टमध्ये डीवर पाय मोडायचं हलन्त चिन्ह आहे. ‘त्या’ भरभर लिहिताना डी सुटायच्या आत पुढचं बटण दाबलं गेलं, तर हलन्ताऐवजी कंट्रोल लागतो आणि शब्द राहतो बाजूला, भलतीच आज्ञा चालते. बटण किती वेळ दाबलं की ते ‘दाबून धरलं’ असं समजायचं, ती वेळ क्यूएमके या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, मुळात २०० मिलिसेकंद असते. ती वाढवून बघा. तरीही चुकत असेल तर डी मोकळा सोडा.

स्विच

बटण दाबायला लागणारा जोर दिवसाच्या हजारो ठोक्यांनी गुणला जातो. चेरी कंपनीचा लाल स्विच सुमारे ४५ ग्रॅम जोरात, २ मिलिमीटरवर लागतो. पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर. निळा आणि काळा साधारण ६० ग्रॅमचे. दुखऱ्या हाताला ३५ ते ४५ ग्रॅममधला घ्या. फार हलकाही त्रास देतो: चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बोटं सतत उचलून धरावी लागतात आणि हाताची वरची बाजू भरून येते. स्विच बदलता येणारा कीबोर्ड घेतलात तर ही चूक स्वस्तात सुधारते. मात्र काइल चॉकसारखे बुटके स्विच नेहमीच्या चेरी पद्धतीच्या खाचेत बसत नाहीत.

पहिला महिना

नेहमीच्या रचनेचा दुभंगलेला कीबोर्ड तीन-चार दिवसांत हाती बसतो. उभ्या रांगांच्या कीबोर्डवर वेग सुरुवातीला निम्म्याखाली येतो आणि तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे तो महत्त्वाच्या कामाच्या आठवड्यात काढू नका. पहिला आठवडा रोज २० ते ३० मिनिटं, बाकी वेळ जुना कीबोर्ड. कीबोर्ड बदलताना त्याच वेळी ड्व्होराक किंवा कोलमॅकसारखी नवी अक्षररचना शिकू नका. काय मानवलं आणि काय नाही हे मग कळत नाही.

तुकडे खांद्यांच्या रुंदीवर ठेवा, कोपरं अंगालगत. टेंटिंग ५ अंशांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला ५ अंश वाढवत चाचणीत सापडलेल्या कोनावर थांबा. कोन वाढतो तशी तळहाताला टेकायला तिरकी जागा लागते. ती नसेल तर हात हवेत तरंगतात आणि दुखणं मनगटातून खांद्यात जातं. तुकडे घसरत असतील तर खाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी कापून घाला. दोन तुकड्यांना जोडणारी हेडफोनसारख्या गोल पिनेची वायर असेल तर यूएसबी आधी काढा, मगच तिला हात लावा. चालू कीबोर्डवर ती ओढली तर आत शॉर्ट होऊन सर्किट जाऊ शकतं.

दुखणं अचानक उसळलं तर कीबोर्डशी झटापट करू नका. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून मजकूर उतरवता येतो. कच्चा मसुदा तसा काढा आणि दुरुस्तीपुरतेच हात वापरा.

वस्तू परत करायची मुदत पुष्कळदा सात-दहा दिवसांचीच असते, आणि तेवढ्यात उभ्या रांगांच्या कीबोर्डचा निकाल लागत नाही. म्हणून मुदत संपायच्या दोन दिवस आधी एवढंच तपासा: अंगठा न ताणता त्याच्या बटणांवर पोचतो का, मनगट फोटोत सरळ दिसतं का, आणि पूर्वी न दुखणारी एखादी नवी जागा दुखू लागली आहे का. नवी जागा दुखत असेल तर परत करा. चार आठवड्यांनंतर सुरुवातीच्या नोंदीशी आकडे ताडून बघा. ते खाली आले नसतील तर तो कागद आणि दोन्ही फोटो घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा.